सूटपत्र दिलेली बायको आणि दत्तक घेतलेला वारस

पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव. होशेय संदेष्ट्याने बायकोला परत आणण्यासाठी मोजलेली ही किंमत त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवलेली आहे. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे चांदी पावणेदोनशे ग्रॅमच्या आतच. आणि जव आजच्या मापाने तीनशे लिटरच्या आसपास. पैसे कुणाच्या हातात पडले, ती कुणाच्या ताब्यात होती, हे मजकूर सांगत नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई तीस शेकेल ठरवली आहे, त्यावरून रोख अर्धीच जमली आणि उरलेली किंमत धान्यात भरली, असे काही भाष्यकार धरतात. अंदाजच तो, पण पटण्याजोगा. संदेष्टा म्हणजे काही सावकार नव्हे, घरातले रुपे संपले की कणगीतले धान्य काढावे लागणारच.

बायबलमधल्या नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-बहीण या रूपकांकडे आपण बहुतेक वेळा भावनेच्या वाटेने जातो. देव बापासारखा, म्हणजे प्रेमळ. मंडळी (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय) ख्रिस्ताची वधू, म्हणजे पवित्र. यात चूक काही नाही, पण एवढ्यावर थांबले तर हाती फार थोडे लागते. ज्यांनी हे मजकूर लिहिले त्यांच्यासाठी लग्न हा आधी करार होता, बापपण हा अधिकार होता आणि पुत्रपण म्हणजे वारसाहक्क. त्यात रकमा होत्या, साक्षीदार होते, मुदती होत्या, मोडण्याचे नियम होते. ते नियम माहीत असले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते: लेखक रीत अगदी नेमकी मांडतो आणि एका ठिकाणी ती मुद्दाम मोडतो. त्याला जे म्हणायचे असते ते बहुधा त्या मोडलेल्या जागी असते.

होशेयाचेच पाहा. काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाचा, राज्य उत्तरेकडचे इस्राएल, आणि अश्शूरची स्वारी तोंडावर आलेली. ख्रि. पू. ७२२ मध्ये या राज्याची राजधानी शोमरोन पडली. त्याच्या आधीच्या काही दशकांत या माणसाला गोमर नावाच्या बाईशी लग्न करायला सांगितले जाते. मुले होतात, त्यांची नावे इज्रेल, लो-रुहामा आणि लो-अम्मी. शेवटच्या दोन नावांचा अर्थ ‘जिच्यावर दया नाही ती’ आणि ‘माझे लोक नव्हेत’. आई दारातून मुलाला हाक मारी तेव्हा सगळ्या आळीला निकाल ऐकू जाई.

दुसऱ्या अध्यायात परमेश्वर नवरा आहे, इस्राएल त्याची बहकलेली बायको, आणि तो तिच्यावर फिर्याद करतो. ती वाचताना एक यादी नजरेतून सुटता कामा नये. ती बाई म्हणते की माझे यार मला अन्न, पाणी, लोकर, ताग, तेल आणि पेये देतात, मी त्यांच्यामागे जाईन. ही यादी सहज केलेली नाही. निर्गम २१:१० मध्ये नवऱ्याने बायकोला काय द्यायलाच हवे ते सांगितले आहे: अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क. होशेयाच्या काळी पाऊस, धान्य, द्राक्षारस आणि तेल बआल हा कनानी देव देतो अशी लोकांची समजूत होती. तेव्हा भांडण ‘तू दुसऱ्यावर प्रेम का केलेस’ इथून सुरू होत नाही. ‘तुला पोसत कोण होते, आणि तू आभार कुणाचे मानलेस’ इथून सुरू होते. आठव्या ओळीत परमेश्वर हेच बोलतो, की धान्य, द्राक्षारस आणि तेल देणारा मीच होतो हे तिला कळले नाही. पोटगीच्या दाव्यासारखी ही भाषा आहे, आणि म्हणूनच तिच्यातले दुःख खरे वाटते.

आता रीत कुठे मोडली? व्यभिचाराला नियमशास्त्रात मृत्युदंड होता. लेवीय आणि अनुवाद या त्याच्याच दोन पुस्तकांत (लेवीय २०:१०, अनुवाद २२:२२) तो स्पष्ट आहे. फिर्याद सिद्ध, साक्षीपुरावे हजर, आणि निकालाच्या जागी नवरा धान्याची पोती घेऊन तिला सोडवायला जातो. मुलांची नावेही उलटवली जातात: जिच्यावर दया नव्हती तिच्यावर दया होईल, जे लोक नव्हते त्यांना ‘माझे लोक’ म्हटले जाईल. पुढे जवळजवळ आठशे वर्षांनी प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात हीच नावे उचलतो आणि यहूदी नसलेल्यांनाही लावतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातही ती आहेत.

यिर्मया संदेष्ट्याने तर कायद्याचे कलमच पुढे केले. अनुवाद २४ मधला नियम असा: नवऱ्याने बायकोला सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, लिहून दिले, ती घराबाहेर पडली, तिने दुसरा नवरा केला, आणि मग त्यानेही तिला सोडले किंवा तो मेला, तर पहिल्या नवऱ्याने तिला पुन्हा करून घ्यायचे नाही. तसे केले तर देश विटाळतो. यिर्मयाचा तिसरा अध्याय हाच नियम प्रश्नाच्या रूपात मांडून सुरू होतो, ऐकणाऱ्यांकडून ‘नाही, परत घेता येत नाही’ हे मनातल्या मनात वदवून घेतो, आणि त्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो, परत ये. आठव्या ओळीत तर उत्तरेच्या इस्राएलाला सूटपत्र दिल्याची नोंदही आहे. कागद झालेला, कायद्याने दार बंद, आणि तरी बोलावणे. नियम ठाऊक नसेल तर हा अध्याय गोड समजुतीसारखा वाटतो. ठाऊक असेल तर अंगावर काटा येतो, कारण इथे देव स्वतःच्या नियमशास्त्राच्या विरोधात जाऊन तिला हाक मारत आहे.

गंमत पुढे आहे. यशया ५०:१ मध्ये परमेश्वर विचारतो, तुमच्या आईला सूटपत्र दिल्याचे म्हणता, ते कुठे आहे? मी तुम्हाला माझ्या कोणत्या सावकाराला विकले? एका संदेष्ट्याकडे कागद दिल्याची नोंद, दुसऱ्याकडे कागदच दाखवा म्हणून आव्हान. दोघे वेगवेगळ्या पिढ्यांशी आणि वेगवेगळ्या राज्यांच्या लोकांशी बोलत आहेत, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही रूपके एकमेकांशी हिशेब जुळवायला लिहिलेली नाहीत. त्यांची एकत्र वंशावळ करू पाहणारा माणूस हमखास अडकतो.

नव्या करारात आले की लग्नाच्या रीतीचे दोन टप्पे समजून घ्यावे लागतात. पहिला टप्पा वाग्दानाचा, दुसरा वधूला घरी नेण्याचा. वाग्दान झाले की कायद्याने ती बायको, राहायला मात्र बापाच्या घरी. आपला साखरपुडा मोडला तर चार लोकांत नाव निघते, बस्स. तिथे वाग्दान मोडायला सूटपत्रच लागे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेचे वाग्दान झालेले आहे, ती योसेफाच्या घरी आलेली नाही, आणि तरी योसेफ तिला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात आहे. ‘सोडणे’ हा शब्द तिथे का, याचे उत्तर या रीतीत आहे. मिश्ना हा यहूदी नियमसंग्रह इसवी सन २०० च्या सुमाराला एकत्र झाला, म्हणजे येशूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, तेव्हा तो जपून वापरावा. पण त्यात नोंदलेल्या रीती चित्र स्पष्ट करतात. कुमारिकेच्या विवाहपत्रात दोनशे झूझ (चांदीची नाणी), विधवेच्या शंभर. कुमारिकेचे लग्न बुधवारी, विधवेचे गुरुवारी. आणि वराने मागणी घातल्यावर कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने.

पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, की शुद्ध कुमारी म्हणून तुम्हाला ख्रिस्ताला सादर करता यावे यासाठी मी तुमचे वाग्दान एकाच पतीशी केले आहे. तेव्हा तो या दोन टप्प्यांच्या मधल्या काळाबद्दल बोलत असतो. करार झाला आहे, गृहप्रवेश व्हायचा आहे, आणि मधल्या काळात मुलीच्या बापाची जी जबाबदारी तीच पौल स्वतःवर घेतो. मंडळी आता नेमकी कुठे उभी आहे हे सांगायला याहून अचूक चित्र मला माहीत नाही.

इथेच प्रवचनांमध्ये एक चूक फार होते आणि ती सांगायलाच हवी. योहान १४ मध्ये येशू म्हणतो, माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. यावर अनेक जण खुलासा देतात की गालीलात वाग्दानानंतर वर बापाच्या घराला खोली जोडायला जाई, बापाने होकार दिला की मगच वधूला आणायला निघे, आणि मागणीच्या वेळी वधूने प्याला प्यायला की होकार समजत. ऐकायला सुंदर आहे. पण असा ठरलेला क्रम त्या काळच्या साधनांत दाखवता येत नाही; इकडचा तुकडा, तिकडची नंतरची प्रथा आणि बरीचशी कल्पना जोडून तो तयार झालेला आहे. शिवाय त्या अध्यायात लग्नाचा उल्लेखच नाही. जिथे रूपक आहे तिथे ते भरपूर आहे, मग नाही तिथे ओढून आणायचे कशाला?

दहा कुमारींचा दाखला (मत्तय २५) मात्र खरोखर लग्नाचा आहे, आणि त्यात एक व्यक्ती गैरहजर आहे: वधू. वर आहे, तो उशिरा येतो, मध्यरात्री हाक होते, पाच जणींजवळ भांड्यात जादा तेल आहे, पाच जणींजवळ नाही, दार बंद होते. काही जुन्या हस्तलिखितांत ‘वर आणि वधू’ असे आहे. वधू कशी नाही, असे तेव्हाच्या नकलाकारांनाही वाटले असणार. पण इथे श्रोत्यांना वधूच्या जागी बसवायचेच नाही. त्यांना करवल्यांच्या जागी उभे करायचे आहे, कारण मुद्दा जागे राहण्याचा आहे. मार्क २ मध्ये शिष्य लग्नाचे वऱ्हाडी आहेत, वर सोबत असताना त्यांनी उपास कसा करावा? योहान ३ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान वराचा मित्र आहे, उभा राहून वराचा आवाज ऐकतो आणि आनंदतो. प्रकटीकरण १९ मध्ये कोकऱ्याची नवरी सजलेली आहे, आणि दोन ओळींनंतर त्याच लग्नाच्या जेवणाला बोलावलेले धन्य आहेत. विश्वासणारेच नवरी, विश्वासणारेच पाहुणे. एकविसाव्या अध्यायात तर देवदूत म्हणतो, चल, तुला नवरी दाखवतो, आणि दाखवतो एक शहर: लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी बारा हजार स्टेडिया, म्हणजे दोन हजार किलोमीटरहून जास्त, तट एकशे चव्वेचाळीस हात. नवरीला दारे बारा. चित्र काढायला बसाल तर फसाल, इतके हे मुद्दाम केलेले आहे.

या सगळ्यात मराठी वाचकाला एक सोय आहे आणि तिच्यातच एक धोका आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या कानावर असल्यामुळे जिवाने विरहिणी होऊन देवाला आळवणे आपल्याला परके वाटत नाही. गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्याचे तसे वाचन ख्रिस्ती परंपरेतही फार मोठे आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने त्यावर विस्तृत भाष्य केले. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्यावर शहाऐंशी प्रवचने दिली, आणि एवढे बोलून तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी पोचला. पण बायबलच्या मजकुरात वधू ही एकटा जीव जवळजवळ कधीच नसते. ती इस्राएल असते, यरुशलेम असते, करिंथची भांडकुदळ मंडळी असते. ‘मी ख्रिस्ताची वधू’ हे नंतरच्या भक्तीने फुलवलेले रूप आहे, सुंदर आहे, धर्मभगिनींच्या व्रतविधीत आणि अंगठीत ते आजही जिवंत आहे. मात्र संदेष्ट्यांना विचारलेत तर ते म्हणतील ‘आम्ही’. वचन मोडते ते सगळे मिळून, परत घेतले जातात तेही सगळे मिळून.

दत्तकाच्या रूपकात मराठी वाचक पाश्चात्त्य वाचकाच्या पुढे असू शकतो. आज दत्तक म्हटले की अनाथ बाळ आणि मूल नसलेले जोडपे डोळ्यांसमोर येते, आणि मग ‘दत्तकपणाचा आत्मा’ (रोमकरांस ८:१५) म्हणजे देवाने निराधारांना जवळ घेतले, असा अर्थ निघतो. पौलाच्या मनातले दत्तकविधान मुख्यतः वारसासाठी होते. आपल्या संस्थानांचा इतिहास आठवा. बडोद्याला १८७५ साली सयाजीराव दत्तक आले, कोल्हापूरला १८८४ साली शाहू महाराज आले, ते गादीला वारस हवा म्हणून. आणि १८४८ मध्ये इंग्रजांनी दत्तक मानायला नकार दिला तेव्हा साताऱ्याचे राज्यच गेले. दत्तक म्हणजे नाव, घराणे, देवघर, देणी आणि मिळकत यांचा वारसा, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

रोमी रीत अशी होती. मुलगा जन्मदात्या बापाच्या सत्तेखाली असेल तर आधी ती सत्ता तोडावी लागे. बारा फलकांचा, म्हणजे रोमच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्याचा, नियम होता, की बापाने मुलाला तीनदा विकले तर मुलगा बापापासून मोकळा. त्याचाच आधार घेऊन पाच प्रौढ नागरिक साक्षीला आणि एक जण तराजू धरायला, असे तीनदा खोटे खोटे विकत, आणि मग नवा बाप न्यायाधिकाऱ्यापुढे ‘हा माझा’ असा दावा लावी. जो कुणाच्याच सत्तेखाली नाही अशाला दत्तक घ्यायचे तर विधी वेगळा आणि अधिक गंभीर, कारण एक घराणे दुसऱ्यात विरून जाई; त्याची जुनी कर्जेही नागरी कायद्याने संपत. दत्तक जाणारे बहुधा प्रौढ पुरुष असत. सम्राट ऑगस्टसने इसवी सन ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले तेव्हा टायबेरियसची चाळिशी उलटली होती.

आता पौलाचे रोमकरांस पत्र इसवी सन ५७ च्या सुमाराला रोममध्ये वाचले जात असल्याची कल्पना करा. सिंहासनावर तेव्हा नीरो. आधीचा सम्राट क्लॉडियसने त्याला इसवी सन ५० मध्ये दत्तक घेतले आणि पोटचा मुलगा ब्रिटानिकस मागे पडला. ‘मुले असलो तर वारसही आहोत, देवाचे वारस आणि ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस’ हे वाक्य त्या शहरात ऐकणाऱ्यांना, त्यांतल्या गुलामांना आणि मुक्त झालेल्या गुलामांना, दत्तक माणूस कुठवर जाऊ शकतो हे नेमके ठाऊक होते. आणि पौल रीत मोडतो ती इथे. रोमी गृहस्थ वारस निवडताना घराण्याचा फायदा पाहतो, कर्तबगार प्रौढ निवडतो. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात जो दत्तक घेतला जातो तो दास आहे. घराण्याला त्याच्यापासून काहीच मिळायचे नाही. शिवाय दत्तक येणाऱ्यामुळे पोटच्या मुलाचा वाटा जात नाही. तोच मुलगा, ख्रिस्त, त्यांना वाट्यात घेतो. स्त्रियांनाही पौल ‘पुत्र’च म्हणतो, कारण त्याला वारसाचा पूर्ण दर्जा द्यायचा आहे, ती जागा सौम्य करण्यापेक्षा तशीच ठेवून समजावलेली बरी.

याला आपल्याकडची एक कडू तळटीप आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नाही. त्यामुळे भारतातल्या ख्रिस्ती जोडप्याला कित्येक दशके १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसते पालक होता येई, आईबाप नव्हे. वारसाहक्क आपोआप मिळत नसे. बाल न्याय कायद्याने नंतर ती वाट मोकळी केली. ज्या समाजाचा धर्मग्रंथ दत्तकविधानावर उभा आहे त्याच्याच घरात कायद्याने दत्तक नव्हते, हे मला कायम खुपत आले आहे.

कुटुंबाच्या रूपकाची दुसरी बाजू तुटण्याची आहे. मार्क १०:२९-३० मध्ये येशू म्हणतो, ज्याने माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले किंवा शेते सोडली त्याला शंभरपट मिळेल: घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते, आणि बरोबर छळही. दोन याद्या शेजारी ठेवून बोटाने जुळवा. पहिल्या यादीतला बाप दुसऱ्या यादीत नाही. जिथे घराचा पुरुष सर्वसत्ताधीश होता त्या जगात नव्या कुटुंबाला आया पुष्कळ, बाप एकच, आणि तो स्वर्गातला. मत्तय २३:९ मध्ये हेच उघड सांगितले आहे. पौल स्वतःला करिंथकरांचा बाप म्हणवतो खरा, पण थेस्सलनीकाकरांना लिहिताना तो मुलांना पाजणाऱ्या आईसारखा होतो आणि गलतीकरांसाठी पुन्हा प्रसूतिवेदना सोसतो. यशयाच्या पुस्तकात आई एक वेळ तान्ह्याला विसरेल, पण परमेश्वर विसरणार नाही. ‘माउली’ हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांना यात नवल वाटत नाही, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून आळवले ते याच मातीतून.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मार्कातली ती यादी कुणाला रूपक वाटली नसेल. बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, मिळकत आणि पुष्कळदा बायको-मुले यांच्याशी ताटातूट. ती इतकी नेहमीची झाली की १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने याच पेचावर लिहिले होते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा; त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या मनाने तीच वाट धरली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात सासर-माहेर दोन्हीकडून टाकलेल्या बायका आणि दुष्काळातली मुले एका छपराखाली राहत होती, आणि तिथेच रमाबाई मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आले. शंभर आया आणि शंभर बहिणी म्हणजे काय, हे त्या आवारात दिसत होते.

मग इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय, जो लग्नात हमखास वाचला जातो आणि ज्याने घरोघर सर्वांत जास्त नुकसानही केले आहे. ‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’ एवढेच लक्षात राहते. याची रचना नीट पाहायला हवी. घराचे नियम तीन जोड्यांत सांगण्याची पद्धत अॅरिस्टॉटलपासून चालत आली होती: नवरा-बायको, बाप-मुले, धनी-दास. तिन्हींत वरचा एकच माणूस. त्या पद्धतीत उपदेश वरच्याला, राज्य कसे करावे हा. इफिसकरांत त्याच तीन जोड्या आहेत, पण आधी खालच्या बाजूच्या माणसाशी बोलले आहे, त्याला स्वतःचा निर्णय असलेला माणूस समजून. सुरुवात एकविसाव्या ओळीत आहे, ‘ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा’; बाविसावी ओळ त्याच वाक्याला लटकलेली आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तिला स्वतंत्र क्रियापदही नाही. पुढे पत्नींना तीन ओळी, पतींना नऊ. आणि त्या नऊ ओळींत नवऱ्याला कुठेही ‘बायकोला अधीन ठेव’ असे सांगितलेले नाही. सांगितले आहे ते असे, की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसा तू स्वतःला दे. रोमी गृहस्थाच्या कायद्यात, त्याच्या तत्त्वज्ञानात, त्याच्या मित्रांच्या बैठकीत असे कुणी सांगितले नसते.

चूक होते ती दिशेची. रूपक ख्रिस्ताकडून नवऱ्याकडे येते: त्याने जे केले ते तू कर. ते उलटे वाचले की नवरा ख्रिस्ताच्या आसनावर जाऊन बसतो आणि बायको त्याची भक्त होते. मार खाऊन आलेल्या बाईला ‘क्रूस वाहा’ म्हणून परत पाठवणारा सल्ला या उलट्या वाचनातून निघतो. मजकुरात क्रूस नवऱ्याच्या वाट्याला दिलेला आहे. अठ्ठाविसावी ओळ सांगते की पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीरासारखे प्रेम करावे, आणि एकोणतिसावी सांगते की कुणी आपल्या देहाचा कधी द्वेष करीत नाही. हात उगारणाऱ्याला वाचून दाखवायची ओळ ही आहे. कॅथलिक लग्नविधीत या उताऱ्याचे लांब आणि आखूड असे दोन पर्याय आहेत. आखूड वाचन दुसऱ्या ओळीतल्या सुरुवातीच्या शब्दांनंतर थेट पंचविसाव्या ओळीवर जाते, म्हणजे पत्नींच्या तीन ओळी गळतात. अनेक जोडपी तेच निवडतात, आणि का ते समजण्यासारखे आहे. पण त्यात एकविसावी ओळही गळते. मला विचाराल तर लांब वाचन घ्यावे, एकविसाव्यापासून, आणि धर्मगुरूंनी किंवा पाळकांनी पाच मिनिटे ते उलगडून सांगावे.

यहेज्केलाचा सोळावा अध्याय याहून अवघड. सुरुवात विलक्षण कोवळी आहे: नाळ न कापलेली, पाण्याने न धुतलेली, मीठ न चोळलेली, फडक्यात न गुंडाळलेली मुलगी उघड्या रानात फेकलेली आहे. परमेश्वर तिला जगवतो, वयात आल्यावर तिच्यावर वस्त्राचा पदर पसरतो, तलम कपडे, बांगड्या, अगदी नाकातला दागिनाही घालतो. मग ती बहकते आणि शिक्षा येते: तिला उघडी करणे, दगडमार, तलवारी. हे वाचून पोटात तुटत नसेल तर आपण नीट वाचलेले नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी या अध्यायावर घेतलेले आक्षेप गंभीर आहेत आणि ते झटकून टाकू नयेत. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की ख्रि. पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या या संदेष्ट्यासमोर यरुशलेमचे मानकरी पुरुष बसले होते. स्वतःला शहराचे धनी समजणाऱ्यांना त्याने त्या बाईच्या जागी बसवले. प्रत्यक्ष बायकांना धाक घालायला हा अध्याय वापरणे म्हणजे त्याचा रोख सोडून जखम तेवढी उचलणे. मुलांच्या वर्गात किंवा विवाहपूर्व शिबिरात हा अध्याय सुट्टा वाचू नये. वाचायचा तर शेवटच्या चार ओळींपर्यंत, जिथे करार पुन्हा उभा केला जातो.

लग्नाच्या रूपकाला बायबल स्वतःच एक सीमा घालते. सात भावांशी ओळीने लग्न झालेल्या विधवेचा पेच सदूकी, म्हणजे पुनरुत्थान न मानणारे यहूदी, येशूपुढे ठेवतात, पुनरुत्थानात ती कुणाची बायको? तो म्हणतो, पुनरुत्थानात लग्न करत नाहीत आणि लग्न करून देत नाहीत. म्हणजे माणसांमधले नवरा-बायकोचे नाते इथपुरते. भावाबहिणीचे मात्र संपत नाही, आणि पत्रांमध्ये एकमेकांना सर्वांत जास्त वेळा मारलेली हाकही तीच आहे.

ती हाक किती महाग पडू शकते हे फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात दिसते. एकच अध्याय, पंचवीस ओळी. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दुरावलेला. पौल तुरुंगातून लिहितो की बंधनात असताना मी याला जन्म दिला, हा माझा मुलगा आहे. त्याला परत पाठवतो आहे, पण दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून. फिलेमोनही पौलाचा भाऊच. मग हिशेब येतो: तो तुझे काही देणे लागत असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. पत्र एकट्या फिलेमोनाच्या नावे नाही. अफ्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी मंडळी यांनाही आहे, तेव्हा ते सगळ्यांसमोर वाचले जाणार आणि फिलेमोनाला उत्तरही सगळ्यांसमोर द्यावे लागणार. आणि बाविसाव्या ओळीत पौल सांगतो, माझ्यासाठी उतरायची जागाही तयार ठेव.